सोंग, आजार आणि वैद्याची साक्ष

आजाराचे सोंग घेणारी माणसे असतात आणि ती सर्व काळांत होती, हे आधीच मान्य केलेले बरे. मुलांना लष्करात जावे लागू नये म्हणून एका रोमन सरदाराने आपल्या दोन्ही मुलांचे अंगठे तोडले, तेव्हा सम्राट ऑगस्टसने त्या बापालाच मालमत्तेसकट लिलावात काढले, असे स्वेटोनियसने नोंदवून ठेवले आहे. नेपोलियनच्या काळात बंदुकीचे काडतूस दातांनी फाडावे लागे; म्हणून सक्तीची भरती टाळू पाहणारे फ्रेंच तरुण पुढचे दात पाडून घेत. इजिप्तमध्ये मुहम्मद अलीच्या भरतीपासून सुटण्यासाठी शेतकऱ्यांनी स्वतःचा एक डोळा घालवल्याच्या हकिगती त्या काळच्या प्रवाशांनी लिहिल्या आहेत. जिथे माणूस स्वतःचा अवयव द्यायला तयार होतो, तिथे पोटदुखीचा बहाणा ही त्याच्या दृष्टीने फारच स्वस्त गोष्ट असणार. तेव्हा जुन्या वैद्यांचा संशय हा केवळ मनाचा कोतेपणा होता, असे म्हणून त्यांना मोडीत काढता येत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. संशय आल्यावर वैद्याने पुढे काय केले? गेल्या अठराशे वर्षांच्या नोंदी चाळल्या तर दोन वाटा स्पष्ट दिसतात. एका वाटेवर वैद्य आपले ज्ञान वापरतो. रोग्याला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, तेव्हा त्याच्या शरीराला असा प्रश्न विचारतो की ज्याचे खोटे उत्तर देता येणार नाही, असा त्याचा पवित्रा असतो. दुसऱ्या वाटेवर तो वेदना वापरतो: इतके दुखवतो की सोंग असेल तर गळून पडावे. या दुसऱ्या वाटेने मूळ प्रश्नाचे उत्तर कधीच मिळाले नाही आणि मिळणे शक्यही नव्हते, असे माझे म्हणणे आहे. कोणता वैद्य कोणत्या वाटेने गेला, हे त्या काळी वैद्यक किती पुढे गेले होते यावर फारसे अवलंबून नव्हते. वरून आलेल्या आरोपाला दुसरे काही कारण असू शकेल का, हे तपासून पाहायची त्याची तयारी होती की नाही, यावर ते ठरत होते.

पहिल्या वाटेचा सर्वांत जुना सविस्तर नमुना दुसऱ्या शतकातल्या गेलेनकडे सापडतो. सोंग घेणाऱ्याला कसे ओळखावे यावर त्याचे एक छोटेसे प्रकरण आहे, आणि त्यातली एक हकिगत बारकाईने पाहण्यासारखी आहे. एका गुलामाचा गुडघा चांगलाच सुजला होता आणि तो वेदनेने तळमळत असल्याचे सांगत होता. त्याचा मालक प्रवासाला निघायच्या बेतात होता आणि या गुलामाला त्याच्याबरोबर जावे लागणार होते. सूज खरी होती. कोणीही पाहिली असती तरी घाबरला असता. पण थाप्सिया नावाच्या वनस्पतीचा रस चोळला की कातडी अशीच फुगते, हे गेलेनला माहीत होते. गुडघ्याला मार लागलेला नव्हता, धावपळ किंवा अतिश्रम झालेले नव्हते. दुखणे नेमके कसे आहे, ठणकते की ओढ लागते, हे विचारल्यावर गुलामाची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. इतर नोकरांकडे चौकशी केली तेव्हा त्याचे गावातल्या एका स्त्रीवर मन बसल्याचे कळले. मग गेलेनने त्या गुडघ्यावर थंडावा देणारे एक औषध लावले आणि दुखणे लगेच थांबेल असे सांगितले. ते औषध थाप्सियाचा दाह कमी करणारे होते. आतून आलेल्या खऱ्या सुजेची वेदना त्याने थांबली नसती. तासाभरातच गुलामाने आता काही दुखत नाही असे सांगितले, आणि त्याचे बिंग फुटले.

या परीक्षेत गुलामाला इजा झालेली नाही, उलट त्याच्या कातडीला आरामच पडला. परीक्षेचे उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकत होते: वेदना खरी असती तर ती त्या औषधाने थांबली नसती, आणि गेलेनला आपला संशय मागे घ्यावा लागला असता. शिवाय गेलेनने एकाच खुणेवर भिस्त ठेवली नाही. सुजेचे रूप, कारणाचा अभाव, विसंगत वर्णन, प्रवासाची वेळ, नोकरांची माहिती, इतके धागे जुळल्यावर त्याने शेवटची चाचणी केली. या कामाला वैद्यकाच्या ज्ञानाबरोबर साधे व्यवहारज्ञानही लागते, असे त्याने स्वतःच म्हटले आहे. अर्थात तो मालकाच्या बाजूने उभा होता. गुलामाला प्रवासाला नेण्याचा मालकाचा हक्क रास्त आहे का, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलासुद्धा नसेल. तरीही पद्धत म्हणून त्याने जे केले त्यात खोट काढता येत नाही. वैद्य सज्जन नसतानाही त्याची पद्धत न्याय्य असू शकते, हे इथेच लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

मधल्या शतकांवर फार वेळ घालवायला नको. सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने भिकाऱ्यांच्या क्लृप्त्या लिहून ठेवल्या. फाशी दिलेल्या माणसाचा सडका हात स्वतःचा म्हणून दाखवणारा आणि खरा हात पाठीमागे दडवणारा आंझे इथला भिकारी त्याच्याच पानांतून प्रसिद्ध झाला. त्याच शतकाच्या शेवटी मिलानच्या सिल्वातिको या वैद्याने सोंग ओळखण्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि पुढच्या शतकात रोमच्या पाओलो झाकियाने न्यायवैद्यकाच्या आपल्या मोठ्या ग्रंथात या विषयाला जागा दिली. या सगळ्यांचा भर पाहण्यावर आणि विचारण्यावर आहे. पण त्यांच्यासमोर येत होता एकटादुकटा भिकारी, कैदी किंवा आरोपी. हजारो माणसांवर एकदम संशय घ्यायची वेळ आली ती सक्तीच्या लष्करभरतीनंतर.

अशी वेळ डॉमिनिक लारे याच्यावर १८१३ च्या उन्हाळ्यात आली. रशियाच्या मोहिमेत नेपोलियनचे सैन्य जवळजवळ संपले होते. कोवळ्या पोरांना घाईघाईने भरती करून त्याने नवे सैन्य उभे केले, आणि मे महिन्यात जर्मनीत ल्युट्झेन आणि बाउट्झेन इथे दोन मोठ्या लढाया दिल्या. लढाया जिंकल्या, पण जखमींमध्ये हाताला आणि बोटांना गोळी लागलेले सैनिक विलक्षण संख्येने निघाले. सेनापतींचा निष्कर्ष तयारच होता: ही पोरे रणातून सुटण्यासाठी स्वतःच्याच हातावर गोळी झाडून घेत आहेत. नेपोलियनलाही ते पटले, आणि दहशत बसावी म्हणून काही जणांना गोळ्या घालण्याचे घाटत होते. लारेने त्याला हरकत घेतली. तो काही बाहेरचा टीकाकार नव्हता. इजिप्तपासून मॉस्कोपर्यंत सम्राटाबरोबर राहिलेला, रणांगणावरून जखमींना तात्काळ उचलणाऱ्या फिरत्या रुग्णगाड्यांची व्यवस्था उभारणारा तो सैन्याचा मुख्य शल्यचिकित्सक होता. त्याच्याच अध्यक्षतेखाली शल्यचिकित्सकांची चौकशी समिती नेमली गेली.

ड्रेस्डेनजवळ संशयित जखमींना एकत्र आणून समितीने एकेकाला तपासले. एकंदर २,६०० हून अधिक माणसे होती. प्रत्येकाची जखम पाहायची, ती केव्हा आणि कोणत्या स्थितीत झाली हे विचारायचे, अंगावर दुसऱ्या जखमा आहेत का, कपडे कुठे फाटले आहेत हे बघायचे, सोबत्यांना विचारायचे, असे ते कंटाळवाणे, चिकाटीचे काम होते. लारेसमोरची मूळ अडचण वैद्यकीयच होती. जवळून झाडलेल्या गोळीची जखम कशी दिसते हे शल्यचिकित्सकाला सांगता येते. पण ती गोळी स्वतःच्या बंदुकीतून आली की मागे उभ्या असलेल्या सोबत्याच्या, हे केवळ जखम पाहून सांगता येत नाही. म्हणून त्याने जखमेवरून नजर उचलून सैन्याच्या रांगांकडे पाहिले. फ्रेंच पायदळ तीन रांगांत उभे राही, आणि मागच्या रांगेतला सैनिक पुढच्यांच्या खांद्यावरून गोळी झाडी. शिकलेल्या शिपायाला हे जमते. चार आठवड्यांची कवायत केलेल्या पोराला जमत नाही. पुढचा सैनिक बंदूक भरण्यासाठी किंवा नेम धरण्यासाठी हात वर करणार आणि नेमक्या त्याच जागी मागच्याची गोळी जाणार. शिवाय चढावरच्या शत्रूवर चाल करताना बंदूक धरलेले हातच सर्वांत पुढे आणि सर्वांत वर असतात. समितीचा निष्कर्ष असा की तपासलेल्यांपैकी एकावरही स्वतःला जखम करून घेतल्याचे सिद्ध होत नाही. मागच्या रांगेच्या गोळ्यांनी पुढचे सैनिक मोठ्या प्रमाणावर जखमी होत, हे मार्शल गूव्हियाँ सँ-सीर यानेही स्वतंत्रपणे लिहून ठेवले आहे.

या सर्व माणसांत एकही लबाड नव्हता का? मला ते शक्य वाटत नाही, आणि लारेलाही वाटले असेल असे मी मानत नाही. पण त्याला विचारलेला प्रश्न असा होता की यांच्यापैकी कोणाला मारावे. एकेका माणसाबद्दल खात्रीने काही सांगता येत नसेल, आणि जखमांच्या संख्येचे पुरेसे कारण रांगांच्या रचनेत मिळत असेल, तर प्रामाणिक वैद्याला एवढेच उत्तर देता येते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची पाळी त्याने येऊ दिली नाही. नेपोलियनने अहवाल मान्य केला, लारेचा गौरव केला, आणि मरताना आपल्या मृत्युपत्रात त्याला १,००,००० फ्रँक ठेवले. तरीही तो अहवाल लिहिला जात होता तेव्हा सम्राट रागावला तर आपले काय होईल, हे लारेला सांगता आले नसते.

आता दुसरी वाट. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या लष्करी आणि तुरुंगी रुग्णालयांत सोंगाविरुद्धची एक ठरावीक सामग्रीच तयार झाली होती: कातडीवर फोड उठवणारे लेप, डागण्या, थंड पाण्याचे मारे, उपाशी ठेवणे, ओकाऱ्या काढायला लावणे, आणि पुढे विजेची बॅटरी. हेक्टर गॅव्हिन याने १८४३ साली इंग्रजीत सोंगाच्या आजारांवर जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळच्या लष्करी डॉक्टरांना हा विषय किती जवळचा वाटत होता हे त्यावरून कळते. यातल्या पुष्कळ गोष्टी औषध म्हणूनही वापरल्या जात असल्यामुळे डॉक्टरला स्वतःशी आणि जगाशी असे म्हणता येई की मी शिक्षा करत नाही, उपचार करत आहे. आजार खरा असेल तर उपाय होईल, खोटा असेल तर सोंग सुटेल.

हा युक्तिवाद तर्काला धरून नाही. मराठी मुलखात वतनाच्या तंट्यात रवा-दिव्य होत असे: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, आणि हाताला फोड आले की नाही यावरून खरे-खोटे ठरवायचे. डॉक्टरांचे दिव्य त्याहून वाईट होते. रवा काढणाऱ्याला निदान सुटण्याची एक शक्यता होती. इथे चटका असह्य होऊन माणूस उठला तर तो सोंग घेत होता असे ठरे. नाही उठला तर तो अट्टल सोंगाड्या ठरे आणि चटका वाढवला जाई. ज्या परीक्षेत निर्दोष ठरण्याची सोयच नाही, तिला परीक्षा म्हणता येत नाही. शिवाय वेदनेने माणूस उठतो यावरून तो आजारी नव्हता असे निघतच नाही. घराला आग लागली तर तापाने फणफणलेला माणूसही धावतो.

याहून सौम्य उपायांतही हाच दोष दडून राहू शकतो. ईथरची भूल वापरात येऊन काही महिने झाले असतील-नसतील, तोच १८४७ साली फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सक बोदाँ याने ती सोंग ओळखण्यासाठी वापरली. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात. तेव्हा आखडलेला सांधा सरळ झाला तर तो हाडांनी जोडलेला नव्हता, हे सिद्ध होते. इथपर्यंत चाचणी उत्तम आहे. पण सांधा हाडाने जोडलेला नाही म्हणजे माणूस मुद्दाम आखडून बसला होता, ही पुढची उडी चुकीची आहे. मनाच्या आघाताने आखडलेला हातही ईथरखाली तसाच सैल पडतो. चाचणीने एक गोष्ट सांगितली आणि डॉक्टरने दोन ऐकल्या, असे या विषयात पुनःपुन्हा घडलेले दिसते.

मराठी वाचकाला ही दुसरी वाट अंदमानातून परिचयाची असेल. अलीपूर बाँब खटल्यातले उल्हासकर दत्त यांना आधी फाशी आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. १९१२ साली त्यांनी काम करायचे नाकारले, तेव्हा त्यांना सेल्युलर जेलमध्ये हातकड्या घालून भिंतीशी उभे टांगून ठेवण्यात आले. तापाने बेभान झालेल्या अवस्थेत त्यांना खाली काढले गेले. वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यांना विजेची बॅटरी लावली, आणि त्या प्रवाहाने शरीरातला स्नायू न स्नायू फाटून निघाल्यासारखे झाले, असे दत्तांनी आपल्या तुरुंगवासाच्या आठवणींत लिहिले आहे. त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे लागले आणि तिथे त्यांची बरीच वर्षे गेली. सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये हा प्रसंग कळवळून सांगितला आहे. सरकारी बाजूने मात्र त्यांच्या वेडाचे खापर हिवतापावर फोडण्यात आले. कैद्याची तब्येत, त्याची शिस्त आणि तुरुंगाची अब्रू या तिन्हींचा सांभाळ एकाच डॉक्टरकडे असला की त्याच्या निदानाला साक्ष म्हणून किती किंमत उरते, हे यातून दिसते.

दोन वर्षांनी पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हीच बॅटरी युरोपभर पसरली. अंगावर जखम नाही, पण वाचा गेली आहे, पाय चालत नाहीत, अंग थरथरते आहे, कंबर वाकलेली सरळ होत नाही, असे सैनिक हजारोंनी मागे येऊ लागले. जर्मनीत फ्रिट्झ काउफमान याने जोरदार विद्युतप्रवाह आणि दरडावून दिलेले लष्करी हुकूम यांची सांगड घातली; त्याच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या उपचारपद्धतीत काही सैनिक दगावलेही. फ्रान्समध्ये तूर इथे क्लोव्हिस व्हँसाँ हा डॉक्टर असेच झटके देई. १९१६ साली बाप्तिस्त देशाँ नावाच्या वाकलेल्या कमरेच्या सैनिकाने झटके घ्यायला नकार दिला आणि व्हँसाँवर हात उगारला. त्याच्यावर लष्करी खटला चालला. न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि ती लगेच तहकूबही केली. सैनिकाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे का, यावर त्या खटल्याच्या निमित्ताने फ्रेंच वर्तमानपत्रांत मोठा वाद झाला.

लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या लुईस येलंडने तर आपले उपचार १९१८ साली पुस्तकरूपाने स्वतःच छापले. त्यातला एक रुग्ण चोवीस वर्षांचा सैनिक होता. मॉन्सची माघार, मार्न, एन, इप्र, लूस अशा लढायांतून तो गेला होता आणि नंतर सालोनिकाला कोसळून मुका झाला. येलंडकडे येण्याआधी त्याच्या मानेला विजेचे झटके देऊन झाले होते, जिभेच्या टोकाला पेटत्या सिगारेटी लावून झाल्या होत्या, घशाच्या मागच्या बाजूला तापलेल्या पट्ट्या टेकवून झाल्या होत्या. येलंडने त्याला अंधाऱ्या खोलीत नेले, दारे बंद केली, पूर्वीसारखे बोलू लागल्याशिवाय इथून सुटका नाही असे बजावले, आणि घशाला विजेचे झटके सुरू केले. चार तासांच्या आसपास हे चालले. शेवटी तो बोलू लागला आणि त्याला डॉक्टरचे आभार मानावे लागले. येलंडच्या लेखी हा हिस्टेरियाचा रोगी होता, सोंगाड्या नव्हता. पण रोगी आणि सोंगाड्या या दोघांनाही त्या खोलीत तेच मिळणार असेल, तर निदानातल्या त्या फरकाला त्या सैनिकाच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही. मला स्वतःला हे पान वाचवत नाही. इतक्या लढायांतून उभा राहिलेला माणूस सालोनिकाच्या उन्हात एकाएकी भित्रा झाला, असे मानायला कोणता पुरावा होता?

यावर उत्तर असे दिले जाते की आपण आजच्या ज्ञानाने कालच्या डॉक्टरांचा न्याय करत आहोत. मनाच्या आघाताने शरीर बंद पडते हे त्यांना कुठे ठाऊक होते? हे उत्तर टिकत नाही. पॅरिसमध्ये शार्कोने १८८० च्या दशकातच अपघातानंतर कामगार पुरुषांना होणारा लकवा आपल्या व्याख्यानांत दाखवला होता, आणि महायुद्धातल्या मज्जातंतूतज्ज्ञांची सगळी पिढी त्याचे नाव घेत मोठी झाली होती. पीडा न देता तपासण्याची साधनेही तयार होती. एका डोळ्याने दिसत नाही असे म्हणणाऱ्याच्या चांगल्या डोळ्यासमोर लाल काच धरायची आणि त्याला हिरवी अक्षरे वाचायला सांगायची. लाल काचेतून हिरवे अक्षर काळे पडून नाहीसे होते, तेव्हा ती वाचली गेली तर ती त्या ‘आंधळ्या’ डोळ्यानेच वाचली. अमेरिकन डॉक्टर हूव्हरने १९०८ साली याहून साधी युक्ती सांगितली. एक पाय लुळा झाल्याचे सांगणाऱ्याला उताणे झोपवायचे, चांगल्या पायाच्या टाचेखाली आपला तळहात ठेवायचा, आणि लुळा पाय उचल म्हणायचे. माणूस खरोखर प्रयत्न करत असेल तर चांगल्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते आणि डॉक्टरच्या तळहाताला ते जाणवते. दुखण्याचा प्रश्नच येत नाही. हूव्हरच्या युक्तीची मर्यादाही सांगायला हवी: पाय उचलण्याचा प्रयत्न होतो आहे की नाही एवढेच तिच्यातून कळते, माणूस जाणूनबुजून खोटे बोलतो आहे हे कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. युद्ध चालू असताना एकाने अंग काढून घेतले की त्याच्या जागी दुसरा मरतो. तेव्हा डॉक्टरची निष्ठा फक्त समोरच्या रोग्याशी असून कसे चालेल? शिवाय विजेने माणसे बरी होत होती, बोलू-चालू लागत होती. यातला दुसरा भाग आधी घेऊ. व्हिएन्नातले प्रख्यात मानसोपचारतज्ज्ञ वाग्नर-याउरेग यांच्या विभागातल्या विद्युतोपचारांविरुद्ध युद्धानंतर तक्रार झाली, आणि १९२० साली चौकशी मंडळासमोर फ्रॉइडने तज्ज्ञ म्हणून मत दिले. त्याने वाग्नर-याउरेग यांच्या हेतूवर शंका घेतली नाही, आणि मंडळानेही त्यांना निर्दोष ठरवले. पण फ्रॉइडने तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. जाणूनबुजून सोंग घेणारे थोडे होते, बहुतेक जण खरे आजारी होते. विजेचा परिणाम टिकत नव्हता. आघाडीवर परत गेलेला सैनिक पुन्हा कोसळत होता. आणि या उपचाराचा पायाच असा होता की आजार युद्धापेक्षा जास्त असह्य करायचा, म्हणजे डॉक्टरने पळणाऱ्यांना माघारी हाकलणाऱ्या मशीनगनचे काम करायचे. तेव्हा ‘बरे होण्या’चा हिशेब सैन्याच्या बाजूनेही जमत नव्हता.

आणि निष्ठेचा प्रश्न? त्याचे उत्तर मला ब्रायटनच्या एका अहवालात मिळते. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत या तुकड्या फ्रान्सच्या चिखलात उतरल्या, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांच्यावर तोच आरोप आला जो १८१३ साली फ्रेंच पोरांवर आला होता: हाताच्या जखमा फार आहेत, शिपाई स्वतःला गोळ्या घालून घेत आहेत. खटले चालले, शिक्षा झाल्या. ब्रायटनमधल्या किचनेर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ साली आपल्या रुग्णालयात आलेल्या १,००० जखमांची छाननी केली: डावा हात की उजवा, तळवा की बोटे, गोळी की तोफगोळ्याचा तुकडा, जखमेभोवती दारूची काजळी आहे की नाही. शिपाई सर्रास स्वतःला जखमी करून घेतात या समजाला त्यांच्या आकड्यांतून आधार मिळाला नाही. खंदकात शिपायाचे हात आणि डोके एवढेच वर येते, आणि डोक्याला गोळी लागलेला इस्पितळापर्यंत पोचतोच असे नाही. तेव्हा इस्पितळात हातांचे प्रमाण जास्त दिसणारच.

हे सेटन काही लारेसारखे सैनिकांच्या गळ्यातले ताईत नव्हते. त्यांच्या रुग्णालयात हिंदी रुग्णांना आणि कर्मचाऱ्यांना आवाराबाहेर जायला सक्त मनाई होती. भोवती तारा आणि पहारे होते. तिथल्या एका हिंदी सब-असिस्टंट सर्जनने या कोंडमाऱ्याला त्रासून त्यांच्यावर पिस्तूल चालवण्याचा प्रयत्न केला आणि तुरुंगात गेला. ते साम्राज्याचे एकनिष्ठ अधिकारी होते, आणि शिपाई बरे होऊन परत लढावेत हीच त्यांची इच्छा होती. पण त्यांनी आधी मोजले आणि मग मत बनवले. म्हणूनच मी म्हणतो की डॉक्टरला सैन्याशी निष्ठा ठेवायला कोणी मनाई करत नाही. सैन्याचे हितसुद्धा खरे काय ते कळण्यातच असते. साम्राज्यवादी सेटन आणि सम्राटाचा लाडका लारे हे दोघे ज्या निष्कर्षाला आले, त्याला करुणेची पूर्वअट लागली नाही. तपासणीची शिस्त पुरेशी होती. आणि ती शिस्त लारेकडे १८१३ साली होती, ईथर, हूव्हर आणि फ्रॉइड यांच्यापैकी काहीही नसताना. येलंडच्या हाताशी शंभर वर्षांचे जास्तीचे वैद्यक होते.

ही शिस्त सुटली की काय होते, याची नोंद ब्रिटनच्या लष्करी न्यायालयांच्या दप्तरात आहे. हॅरी फार हा सैनिक १९१५ साली पाच महिने शेलशॉकसाठी रुग्णालयात होता. १९१६ च्या सप्टेंबरमध्ये त्याने पुढे जायला नकार दिला आणि भित्रेपणाच्या आरोपाखाली त्याचा खटला वीसेक मिनिटांत आटोपला. त्याच्या बाजूने बोलायला कोणी वकील किंवा मित्र नव्हता. ज्या डॉक्टरने त्याला पूर्वी तपासले होते, तो जखमी होऊन निघून गेला होता. कागदपत्रांत एका डॉक्टरचा थोडक्यात दाखला होता की याची शारीरिक आणि मानसिक प्रकृती समाधानकारक आहे. ऑक्टोबरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ब्रिटिश संसदेने २००६ साली अशा ३०६ सैनिकांना माफी दिली. मात्र त्या कायद्यातच लिहून ठेवले आहे की या माफीने मूळ दोषसिद्धी किंवा शिक्षा रद्द होत नाही.